नाव, गाव, वस्ताद

(काळा पडदा. आधी फक्त आवाज. हलगी, गर्दी, माईकची बारीक शीळ.)

"हॅलो... हॅलो... मागं ऐकू येतंय काय? झाडावरचे, तुम्हाला येतंय काय?"

झाडावरून उत्तर येतं, "येतंय वो मास्तर!"

(पडदा उजळतो. संध्याकाळचं ऊन. लाल मातीचा हौदा, कडेला माणसांचे थर, आंब्याच्या फांद्यांवर लोंबणारे पाय.)

निवेदन :

बेळगावच्या आसपास कुठंही कुस्तीचं मैदान असो, मास्तरांचा पहिला प्रश्न झाडावरच्यांना. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे सत्कार घेऊन मधेच उठतात. झाडावर चढलेला माणूस शेवटची जोड सुटेपर्यंत खाली उतरत नाही. मास्तर म्हणतात, आपलं गिऱ्हाईक ते.

या फिल्ममध्ये त्यांना आम्ही मास्तर एवढंच म्हणणार आहोत. अट त्यांचीच. "माझं नाव कशाला? एवढी पोरं खेळूलीत, त्यांची घ्या की." पन्नासेक वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारणाऱ्या माणसाची ही अट मला पटली नव्हती. मी त्यांचा विद्यार्थी. पाचवीत त्यांनी मला मराठी शिकवलं आणि शुद्धलेखनासाठी अंगठे धरून उभं केलं. त्यांच्याशी वाद घालायची सवय मला नाही.

(वहीचा क्लोज-अप. पानं उलटणारी बोटं, अंगठ्याला शाई.)

ही त्यांची वही. वाण्याच्या खतावणीसारखी लांबट, जाड पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर शाळेतल्या जुन्या नकाशाचं कापड डकवलेलं आहे, कोपऱ्यात अजून थोडा अरबी समुद्र दिसतो. आत पट्टीनं आखलेले रकाने : जोड, नाव, गाव, वस्ताद, लंगोट, डाव, मिनिटं. अशा एकवीस वह्या त्यांच्या माळ्यावर आहेत. सुरुवातीच्या वह्यांत लंगोटाचा रकाना नाही. तो का आला, ते पुढं सांगतो. तिथं एक चूक आहे, आणि ती मास्तरांची आहे.

(शहराची दृश्यं : किर्लोस्कर रोड, गणपत गल्लीतली गर्दी, टिळकवाडीचं रेल्वे गेट, बंद फाटकापुढं थांबलेल्या दुचाक्या.)

मास्तर जन्मले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. मराठी वर्तमानपत्रांत बातमीच्या आधी अजून बेळगाव असंच छापतात. ही फिल्म सीमाप्रश्नावर नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर बोलणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत. पण क्रीडा वार्ताहराच्या टेबलावर तो कुठल्या वाटेनं येतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

तो येतो नावांच्या यादीतून.

समजा, शालेय स्पर्धेसाठी तालुक्याची निवड झाली. मराठी शाळेतल्या पोरानं आपलं नाव मराठीत लिहून दिलं. ते कचेरीत कन्नडमध्ये चढलं. पुढं कुठंतरी इंग्रजीत टाईप झालं. आणि विजेत्यांची इंग्रजी यादी फिरून मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत आली तेव्हा धामणेकरांचा पोरगा धमनेकर झालेला. गावडे गवाडे झाले. एकदा तर एका खो-खो संघात दोन भाऊ दोन वेगवेगळ्या आडनावांनी उतरले. घरी आईनं पेपर वाचला आणि विचारलं, यातला आमचा कुठला?

(मास्तर, घरच्या पडवीत. मागं सायकल.)

मास्तर : "पोरानं चढाई केली, घाम गाळला, गुडघं फोडून घेतलं. पेपरात एकदाच नाव येणार, आणि ते पण चुकीचं? मी यादी घेऊन शाळेत जायचो. हेडमास्तर म्हणायचे, अहो, छोटी गोष्ट आहे. मी म्हटलं, तुमचं नाव चुकवून बघू काय उद्या?"

निवेदन :

दिवसा शाळा, संध्याकाळी मैदान, रात्री प्रेस. सत्तरच्या दशकात गावातल्या एका मराठी दैनिकात ते खेळाच्या बातम्या देऊ लागले. वार्ताहर म्हणजे पगारदार नव्हे. छापून आलेल्या मजकुराची पट्टीनं लांबी मोजायची आणि महिन्याला तेवढे पैसे. कुस्तीची बातमी लांबली की कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता ओरडायचा, मास्तर, तुमचे पैलवान माझ्या गॅलीत मावत नाहीत. मग मधले डाव कापले जायचे. नावं कापायची नाहीत, असा त्यांचा दंडक. म्हणून त्या काळच्या त्यांच्या बातम्या वाचताना गंमत वाटते. कुस्ती एका ओळीत संपते आणि पुढं पंधरा ओळी नुसती नावं. वाङ्मय म्हणून त्यात काही नाही, हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे. "तुला वाङ्मय पाहिजे तर ग्रंथालयात जा," म्हणाले.

एक लेख मात्र त्यांनी मन लावून लिहिला.

(जुना कृष्णधवल फोटो. शेजारी पाटील गल्लीचं आजचं दृश्य.)

फडेप्पा दरेप्पा चौगुले. बेळगावचा धावपटू. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक झालं. सर दोराबजी टाटांच्या पुढाकारानं भारतातून मूठभर खेळाडू गेले, त्यांत हे चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यांत लांब. चौगुले एकोणिसावे आले. वेळ, दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद. त्या काळात, अनोळखी थंड मुलखात, आपल्याकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवर तयार झालेल्या पायांनी.

मास्तरांना एकोणिसाव्या क्रमांकापेक्षा त्या नावाचं जास्त अप्रूप. फडेप्पा दरेप्पा हे वळण कानडी, चौगुले हे आडनाव मराठी. "या माणसाला अर्धा करून दाखवा," ते वर्गात म्हणायचे. लेखात त्यांनी हे लिहिलं नाही. लेखात फक्त वेळ, अंतर आणि नाव. नाव पूर्ण, तीनदा.

(सूचना : इथं संगीत नको. रस्त्यावरचा आवाज राहू द्या.)

निवेदन :

आता ती चूक.

एका गावच्या जत्रेतलं मैदान. शेवटून दुसरी कुस्ती. दोघंही पाटील, दोघांचीही पहिली अक्षरं सारखी, गावं शेजारशेजारची. पाऊण तास खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या झोंबणं, चालली. पंच बरोबरीत सोडवणार असं वाटत होतं, तेवढ्यात एकानं पोकळ घिस्सा मारला आणि दुसऱ्याची पाठ मातीला लागली. हलगी कडाडली, लोक हौद्यात घुसले, कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतलं. मास्तर त्या दिवशी माईकवर नव्हते, गर्दीच्या मागं सायकलवर उभे होते. मिळेल ती माहिती टिपली आणि शेवटची बातमी घ्यायची वेळ गाठायला पॅडल मारत निघाले.

सकाळी पेपरात चितपट झालेला पाटील जिंकला होता.

(मास्तर कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. वहीच्या कडेला बोट फिरवतात.)

मास्तर : "दुपारी त्या गावचा एक माणूस शाळेत आला. भांडायला नाही. वर्गाच्या दारात उभारला, हातात पेपर. म्हणाला, मास्तर, पोरानं सकाळपासून दूध घेतलं नाही बघा. एवढंच. मला पुढचं व्याकरण काय शिकवायला येईना."

निवेदन :

दुसऱ्या दिवशी पेपरात दुरुस्ती आली, आतल्या पानावर, दोन ओळींची. तेवढ्यावर भागलं असतं. मास्तर त्याच संध्याकाळी लाल बसनं त्या गावाला गेले. देवळासमोर भजनी मंडळाचा कर्णा होता, तो मागून घेतला आणि कुणी कुणाला, कुठल्या डावावर, कितव्या मिनिटाला पाडलं हे सगळं पुन्हा सांगितलं. बसून ऐकणारी माणसं फार तर तीस असतील. कुस्ती दोन दिवसांपूर्वीची, मैदान मोडलेलं, दुकानं उठलेली, आणि देवळाच्या पायरीवर एक शिक्षक एकटाच कुस्ती सांगतोय. पोराचे वस्ताद पुढं बसले होते. सांगून झालं तेव्हा म्हणाले, घिस्सा नव्हता, मास्तर, पोकळ घिस्सा म्हणा. फरक आहे.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. वहीत लंगोटाचा रकाना आला, कारण मातीनं माखलेले दोन पाटील लांबून एकाच रंगाचे दिसतात, लंगोट तेवढा लाल किंवा निळा राहतो. आणि गावच्या पंचांनी पुढच्या वर्षीच्या मैदानासाठी मास्तरांना सुपारी दिली. माईकवर बोलायला.

(मैदान. मास्तर माईक हातात घेतात, त्याला रुमाल गुंडाळतात, खिशातून लवंग काढून गालात धरतात.)

निवेदन :

कुस्तीचं निवेदन ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून प्रयत्न केला, दहा मिनिटांत थकलो. समोर एका वेळी तीन-तीन जोडी लढत असतात. कोण कुणाला घुटन्यावर दाबतोय, कुणी एकलंगी भरली, कुणाची ढाक फसली, हे डोळ्यांनी टिपायचं. त्याच वेळी कानाशी एक कार्यकर्ता येऊन चिठ्ठी देतो : अमुक यांच्याकडून या जोडीला पाचशे रुपये. दुसरा येतो : तमुक साहेबांचं आगमन झालंय, स्वागत करा. देणगीदारांच्या नावांनी आज मैदानांचा अर्धा जीव घेतलाय, असं माझं मत आहे आणि ते मी या फिल्ममध्ये ठेवणार आहे. एका मैदानात मी घड्याळ लावून बसलो होतो. मोठी कुस्ती चार मिनिटांत निकाली झाली, तिच्या आधीचे सत्कार चाळीस मिनिटं चालले.

मास्तरांनी त्यावर आपला उपाय काढलाय. चिठ्ठी वाचतात, पण डावाच्या मधे ठिगळासारखी : "पाचशे रुपये आले, इकडं पट काढला, आले पाचशे, पण पट सुटला!" देणगीदाराला आपलं नाव कधी येऊन गेलं ते कळतही नाही.

आणि भाषा. बागलकोटकडचा, धारवाडकडचा पैलवान आला की त्याच्याबरोबर ट्रक भरून माणसं येतात. मास्तरांची मराठी मग मधेच कूस बदलते. "धरलाय, धरलाय... बिडब्याड, बिडब्याड!... आणि सुटला!" सोडू नको हे दोन्ही भाषांत सांगून होईपर्यंत गडी निसटलेला असतो.

एकदा यावरूनच वाजलं. पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, मराठीत बोला. लगेच पलीकडून दुसरा ओरडला, कन्नडदाग हेळ्री. मास्तरांनी काय केलं असेल? मला वाटलं होतं, काहीतरी समजूतदार बोलले असतील. छे. ते रुसले. माईक टेबलावर ठेवला, खुर्ची फिरवून पाठ केली आणि भडंग खात बसले. दोन कुस्त्या मुक्यानं झाल्या. शेवटी संयोजक चहा घेऊन आले, वर हात जोडले. मास्तरांच्या सौभाग्यवती हा किस्सा सांगतात तेव्हा जास्त रंगतो.

(स्वयंपाकघर. बाई भाकरी थापता थापता.)

काकू : "रुसणं घरातलंच, ते मैदानात घेऊन गेले. रात्री यायचे तर घसा बसलेला. खुणेनं चहा मागायचे. मी म्हणायची, अख्ख्या गावाशी बोललासा, आता माझ्याशी तेवढं बोट दाखवा."

निवेदन :

रेडिओची गोष्टही सांगायला हवी. मास्तरांच्या लहानपणी शेजारच्या घरी खरखरणाऱ्या संचावर बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन लागायचं, ते खिडकीखाली बसून ऐकलेलं. धावांचा पाठलाग मराठीत करता येतो हे तिथं कळलं. मोठेपणी एका आकाशवाणी केंद्रावर ते आवाजाच्या चाचणीला गेले. केंद्राचं नाव सांगत नाही. निकाल तोंडीच मिळाला : आवाज चांगला आहे, पण बोलण्याला सीमाभागाचा हेल आहे. मास्तरांनी परतीच्या गाडीत बसून हेल काढायचा प्रयत्न केला म्हणे. निपाणी येईपर्यंत नाद सोडून दिला.

पुढं केबल आलं. एका लहानशा खोलीत, मागं पडदा लावून, आठवड्याला अर्धा तास ते खेळाच्या बातम्या सांगू लागले. तिथं हेलाबद्दल कुणी काही बोललं नाही. बघणारे सगळे त्याच हेलातले. तो कार्यक्रम काही वर्षं चालला आणि बंद पडला. त्यात विशेष काही नाही.

(सीमाभागातल्या तालमींची दृश्यं. माती भिजवणारी पोरं : तेल, ताक, लिंबू, हळद. मग एकसंब्याचा रस्ता, उसाची शेतं.)

निवेदन :

कुस्तीच्या गप्पांत मास्तरांना एकच वाक्य खटकतं. "कोल्हापूरचे खंचनाळे." श्रीपती खंचनाळे, १९५९ सालचे पहिले हिंद केसरी, घडले कोल्हापुरातच, यात वाद नाही. तालीम तिथली, नाव झालं तिथून. पण जन्म एकसंब्याचा, चिक्कोडी तालुक्यातला, बेळगाव जिल्ह्यातला. २०२० च्या डिसेंबरात खंचनाळे गेले. त्या आठवड्यात एका मैदानात श्रद्धांजली वाहताना मास्तर म्हणाले, "एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे." कुणीतरी मागून दुरुस्त करायला गेलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू, खडू फळ्यावर दाबून लिहावा तसं.

हॉकीत बंडू पाटील. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला एका गोलनं हरवून सुवर्ण जिंकलेल्या संघात बेळगावचा हा गडी होता. आज टिळकवाडीतल्या दहा पोरांना विचारा, नऊजण क्रिकेटरचं नाव सांगतील. क्रिकेटचा राग मास्तरांना नाही. कर्नाटकाकडून रणजी खेळलेला रोनित मोरे बेळगावचा, त्याच्या बळींचा हिशोबही वहीत आहे. लेले मैदानावरचे टेनिस बॉलचे सामने त्यांनी टळटळीत उन्हात छत्री धरून सांगितलेत. पण हॉकीची काठी घेऊन जाणारं पोर रस्त्यात दिसलं की अजून सायकल थांबवतात.

मुलींच्या बाबतीत मात्र मास्तर उशिरा जागे झाले. हे मी नाही, तेच म्हणतात. पहिल्या बारा वह्यांत एकही मुलगी नाही. कबड्डीच्या, खो-खोच्या मुली बातमीत यायच्या त्या "संघ" म्हणून, एकेकीचं नाव नाही. नावांसाठी एवढा भांडणारा माणूस, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नाही. निवृत्तीनंतर जुनी कात्रणं चिकटवताना त्यांच्या नातीनं बोट ठेवून विचारलं, आजोबा, या सगळ्या संघ नावाच्या आहेत काय?

(जुडोच्या मॅटवर सराव करणाऱ्या मुली. पांढऱ्या कोटाचे पट्टे आवळणारे हात.)

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत, जकार्तात, बेळगाव तालुक्यातल्या मलप्रभा जाधवनं कुराशमध्ये कांस्य जिंकलं, ५२ किलो गटात. कुराश हा उझबेकिस्तानचा कोट घालून खेळायचा कुस्तीप्रकार. ती मूळची जुडोची. बातमी आली तेव्हा गावातल्या अर्ध्या लोकांना कुराश हा शब्द म्हणता येत नव्हता. मास्तरांनी एका जुडो प्रशिक्षकाला घरी बोलावून तासभर नियम समजून घेतले. पाय धरायचा नाही, खाली पडल्यावर झोंबायचं नाही, उभ्या उभ्या फेकायचं. "म्हणजे खडाखडीतच निकाल," त्यांनी आपल्या भाषेत करून घेतलं. नाव लिहिताना हसले. मलप्रभा ही आपली नदी, खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते. "हे नाव कुठल्याही यादीत चुकणार नाही," म्हणाले. वहीत त्या ओळीला लंगोटाचा रकाना होता. तिथं त्यांनी लिहिलंय, कोट.

(मैदान. आता अंधार. हौद्यावर दिवे. तीन मोबाईल स्टँडवर लावलेले.)

निवेदन :

आता मैदान मोबाईलवरून थेट जातं. पुण्यातल्या कारखान्यात रात्रपाळीला असलेला गावचा पोरगा जेवणाच्या सुट्टीत बघतो, गोव्यात हॉटेलात काम करणारा बघतो. मास्तरांच्या आवाजाखाली बदाम आणि हात जोडलेली चित्रं वर सरकत राहतात. ते तिकडं बघत नाहीत, चष्म्याला झेपत नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून लांबचा लंगोट ओळखायला एक पोरगा शेजारी बसवतात. पोरगा सांगतो, लाल वर. मास्तर म्हणतात, लाल वर म्हणू नको, नाव घे.

शेवटच्या मोठ्या कुस्तीला अजून तास आहे. त्याआधी लहान पोरांच्या कुस्त्या. इनाम शंभर रुपये आणि एक नारळ. पोरं लंगोट सावरत टेबलापुढं रांगेत उभी आहेत, काहींच्या पायात अजून शाळेचे मोजे. मास्तर एकेकाला जवळ बोलावतात. माईक चालूच आहे, पोराचं उत्तरही सगळ्या मैदानाला ऐकू जातं.

(क्लोज-अप : सात-आठ वर्षांचा मुलगा. कानापर्यंत माती.)

"नाव काय बाळ तुझं?"

पोरगा नाव सांगतो. मास्तर लिहितात.

"गाव?"

सांगतो.

"लंगोट निळा. बरं. वस्ताद कोण तुझा?"

"पप्पा."

"शाब्बास. पप्पांचं नाव काय?"

पोरगा मागं वळून गर्दीत बघतो. परत माईककडं बघतो.

"पप्पाच."

झाडावरून हसण्याचा लोट येतो. मास्तर हसत नाहीत. पेनाचं टोपण दातात धरून थोडा वेळ थांबतात, मग माईक तोंडाजवळ घेतात.

"या पोराचे पप्पा जिथं कुठं असतील, तिथून टेबलाजवळ यावं. नाव लिहायचं आहे."